सायकल आणि स्कूटर यांच्या मधला माणूस

माणसाची समाजातील पायरी त्याच्या वाहनावरून जोखण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आहे. मेण्यातून जाणारा, घोड्यावरून जाणारा आणि पायी चालणारा यांच्यात पूर्वी जो भेद केला जाई, तोच पुढे मोटार, स्कूटर आणि सायकल यांच्या मालकांत केला जाऊ लागला. दारात उभी असलेली गाडी घरातील कर्त्या माणसाचा पगार सांगते, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. आणि समजूत खरी असो वा खोटी, माणसे तिच्याच आधारे एकमेकांशी वागतात. या उतरंडीत एक वाहन मात्र असे आले की, त्याला नेमके कोठे बसवावे हे समाजाला कधीच ठरवता आले नाही. ते वाहन म्हणजे मोपेड. महाराष्ट्रात तिचे सर्वतोमुखी झालेले नाव ‘लूना’.

हा संभ्रम मोपेडच्या नावातच आहे. ‘मोटर’ आणि ‘पेडल’ या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून १९५२ मध्ये एका स्वीडिश पत्रकाराने हा शब्द घडविला. अर्धे यंत्र आणि अर्धी सायकल, असा तिचा पिंड. यंत्र चालत असेल तोवर बसणारा वाहनस्वार; यंत्र थकले की तोच माणूस पुन्हा सायकलस्वार. आपल्याकडील लक्षावधी शिक्षक, कारकून, परिचारिका, विमा प्रतिनिधी, दूधवाले आणि किरकोळ व्यापारी यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे या दुहेरी वाहनावर काढली. त्यांच्याकडे समाज कसा पाहत होता, ते स्वतःकडे कसे पाहत होते आणि या दोन दृष्टींमधील अंतराची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी अर्थशास्त्राच्या आणि समाजशास्त्राच्या दृष्टीने तो विचार करण्याजोगा आहे.

गरजेतून जन्मलेले वाहन

कायनेटिक इंजिनिअरिंग ही कंपनी एच. के. फिरोदिया यांनी १९७० मध्ये स्थापन केली आणि १९७२ मध्ये लूना बाजारात आली. इटलीतील पियाजियो कंपनीच्या ‘चाओ’ या मोपेडवर ती आधारलेली होती. ५० घनसेंटिमीटरपर्यंतचे लहानसे इंजिन, सायकलीसारखी बैठक, मागे कॅरियर आणि खाली दोन पेडल, एवढाच तिचा संसार. गिअर नाही, क्लच दाबण्याची कसरत नाही. ज्याला सायकल येते त्याला लूना येते, ही तिची सर्वांत मोठी शिफारस होती. अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचे अहिल्यानगर, येथील कारखान्यातून निघालेली ही गाडी पुण्यासारख्या सायकलींच्या शहरात रुजावी, हे स्वाभाविकच होते.

तिच्या यशाचे मर्म समजून घेण्यासाठी त्या काळाची अर्थव्यवस्था लक्षात घ्यावी लागते. कोणत्या कारखान्याने किती माल काढावा, हे तेव्हा परवान्यावर ठरत असे. परिणामी स्कूटरसाठी नाव नोंदवून ग्राहकाला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आणि ज्याचा क्रमांक लागे त्याच्या हातातील स्कूटरला खुल्या बाजारात कारखान्याच्या किमतीपेक्षा अधिक मोल येई. स्कूटर मिळणे हे त्या काळी नुसती खरेदी राहिले नव्हते, तो भाग्ययोग झाला होता. लग्नाच्या बोलण्यांत तिचा उल्लेख होऊ लागला, तो या दुर्भिक्ष्यामुळेच. अशातच ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले, जगभर खनिज तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोलचा थेंब मोजून वापरण्याची वेळ मध्यमवर्गावर आली. थोड्या पेट्रोलवर पुष्कळ अंतर काटणारी लूना या घडीला हाताशी होती. शहरे पसरू लागली होती. घर एका टोकाला आणि कचेरी दुसऱ्या टोकाला, अशी स्थिती होती. शहर बससेवा अपुरी पडत होती. सायकल दमवीत होती आणि स्कूटर मिळत नव्हती. या दोहोंच्या मधली जागा लूनाने भरून काढली.

पुढे १९८० मध्ये दक्षिणेत टीव्हीएस-५० ही दोघांना बसता येईल अशी मोपेड आली, अन्य कंपन्यांच्याही मोपेडी आल्या. परंतु महाराष्ट्रात कोणत्याही कंपनीच्या मोपेडला सरसकट ‘लूना’च म्हटले जाई. एका उत्पादनाचे नाव संपूर्ण जातीचे नाव होणे, यापरते लोकप्रियतेचे दुसरे प्रमाणपत्र नाही.

पेडलाचे ओझे

लोकप्रियता मात्र एक आणि प्रतिष्ठा दुसरी. ज्याच्याकडे स्कूटर असे तो ‘गाडी काढतो’ म्हणे. लूनावाला मात्र ‘लूनावर आलो’ असे म्हणे. ‘गाडी’ हा शब्द आपल्या वाहनाला लावताना त्याची जीभ किंचित अडखळे. भाषेतील हा बारीकसा फरक समाजाच्या मनातील उतरंड उघड करतो. सरकारी कचेऱ्यांच्या वाहन अग्रिमाच्या नियमांतही मोटारसायकल वा स्कूटर, मोपेड आणि सायकल असे वेगवेगळे उल्लेख आढळतात. म्हणजे लोकमानसाने जी अर्धी पायरी कल्पिली होती तिला शासनाच्या कागदावरही स्थान मिळाले होते.

लूनावाल्याविषयीचे विनोद त्या काळातील वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. धिप्पाड गृहस्थ आणि त्याच्याखाली चिमुकली लूना. पुढे भाजीची पिशवी, मागे गॅसची टाकी आणि मधे घामाघूम झालेला मास्तर. चढावर इंजिनाने मान टाकल्यावर भर चौकात पेडल मारणारा साहेब. ही चित्रे व्यंगचित्रांत शोभून दिसत. पण त्यांतील हसू कशाला होते? वेग कमी होता म्हणावे तर सायकल त्याहून हळू चालत होती आणि सायकलस्वाराला कोणी हसत नव्हते. सायकलस्वार आपल्या पायरीवर स्थिर होता. लूनावाला वर चढू पाहत होता आणि त्याच्या पायाखालील पेडल त्याची कालची पायरी साऱ्या रस्त्याला दाखवीत होते.

थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सुखवस्तू वर्गाच्या दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली. शारीरिक श्रमांपासून आपण मुक्त आहोत हे दाखविणे, हे प्रतिष्ठेचे एक मुख्य साधन असते, असा त्याच्या प्रतिपादनाचा एक धागा आहे. हा धागा पकडला म्हणजे लूनाच्या वाट्याला आलेल्या उपहासाचा उलगडा होतो. स्कूटरवाला किक मारतो ती एकदाच, उभ्या उभ्या. नंतर तो श्रममुक्त असतो. लूनावाल्याला मात्र गाडी सुरू करतानाही पेडल फिरवावे लागे आणि चढ आला की यंत्राला पायांनी हातभार लावावा लागे. ज्या समाजात घाम गाळणे हे कमीपणाचे लक्षण मानले गेले, त्या समाजात घामाचा पुरावा सोबत घेऊन हिंडणारे वाहन प्रतिष्ठित ठरणे कठीणच होते.

हा दोष वाहनाचा नव्हे, पाहणाऱ्याच्या दृष्टीचा होता, हे परदेशांतील अनुभवावरून दिसून येते. फ्रान्समध्ये १९४६ पासून विकल्या जाऊ लागलेल्या सोलेक्स या इंजिन बसविलेल्या सायकलीला कालांतराने साध्या, आपल्या मर्जीने जगणाऱ्या माणसाच्या वाहनाचे रूप आले. जाक ताती या दिग्दर्शकाच्या १९५८ मधील ‘मों ओंक्ल’ या चित्रपटात यंत्रांनी सजविलेल्या आधुनिक घरातील नातलगांच्या तुलनेत सोलेक्सवरून फिरणारा नायकच प्रेक्षकांना अधिक माणसासारखा वाटतो. इंग्लंडमध्ये याच्या नेमके उलट घडले. १९७१ मध्ये तेथे सोळा वर्षांच्या मुलांना मोटारसायकलऐवजी केवळ पेडल असलेली, ५० घनसेंटिमीटरपर्यंतची मोपेडच चालविण्याची मुभा ठेवण्यात आली. कारखानदारांनी लगेच नावापुरते पेडल लावलेल्या, पण मोटारसायकलीसारख्या दिसणाऱ्या आणि पळणाऱ्या मोपेडी काढल्या. त्या पोरांच्या अभिमानाचा विषय झाल्या आणि अखेर १९७७ मध्ये त्यांच्या वेगावर ताशी ३० मैलांची मर्यादा घालावी लागली. एका देशात मोपेड साधेपणाची खूण, दुसऱ्या देशात तारुण्याच्या मस्तीची आणि आपल्याकडे अपुऱ्या पगाराची! यंत्र तेच, त्याला अर्थ मात्र ज्या त्या समाजाने आपापल्या उतरंडीतून दिला.

स्वारांची स्वतःविषयीची कल्पना

लोक काय म्हणतात याखेरीज लूनावाल्याची स्वतःविषयीची अशी एक धारणा होतीच. ती दुपदरी होती. वरचा पदर तात्पुरतेपणाचा. ‘सध्या लूना आहे, पुढे स्कूटर घेऊ’ हे वाक्य मध्यमवर्गीय घरांतून इतक्या वेळा उच्चारले गेले असेल की त्याची गणती करणे अशक्य आहे. नोकरी कायम झाल्यावर, वेतन आयोगाची थकबाकी आल्यावर, मुलीचे लग्न उरकल्यावर स्कूटर यायची होती. कित्येकांच्या बाबतीत ती आलीच नाही आणि ‘सध्या’ म्हणून घेतलेली लूना पंधरा-वीस वर्षे अंगणात राहिली. जे वाहन आयुष्यभर वापरले त्याला आयुष्यभर ‘तात्पुरते’ म्हणत राहणे, यात एक विलक्षण करुण विसंगती आहे.

आतला पदर मात्र स्वाभिमानाचा होता. बसच्या रांगेत ताटकळावे लागत नाही, कोणाच्या मागे बसण्यासाठी मिनतवारी करावी लागत नाही, शाळा सुटल्यावर दोन शिकवण्या अधिक घेता येतात, हा हिशेब लूनावाल्याला पक्का ठाऊक होता. खेड्यातून शहरात दूध घालणाऱ्याच्या दृष्टीने तर लूना ही अर्धी पायरी नव्हतीच. त्याच्या धंद्याचा तो कणा होता. आपल्या वाहनाची लाज त्याला वाटली नाही, कारण त्याने ते दुसऱ्यांच्या वाहनाशी कधी ताडून पाहिले नाही. ताडले ते आपल्या कालच्या कष्टांशी. उपभोगाची वस्तू म्हणून पाहिले की लूना कमी पडे. उत्पादनाचे साधन म्हणून पाहिले की ती भरून उरे.

स्त्रियांच्या बाबतीत हा फरक अधिकच ठळक होता. स्कूटरवर स्त्रीचे स्थान बहुधा मागच्या बैठकीवर, एका बाजूला पाय सोडून. वजनदार, गिअरची आणि किक मारून सुरू करावी लागणारी स्कूटर चालविणाऱ्या स्त्रिया तुरळकच. हलकी, बिनगिअरची आणि पुढून मोकळी असल्यामुळे साडी नेसूनही चालविता येणारी लूना शिक्षिका, परिचारिका, बँकेतील कर्मचारी आणि महाविद्यालयीन मुली यांच्या हाती आली, तेव्हा प्रथमच वाहनाचा दांडा त्यांनी स्वतः धरला. पुरुषाच्या दृष्टीने जी खालची पायरी होती, तीच स्त्रीच्या दृष्टीने वरची पायरी ठरली. पुण्याच्या रस्त्यांवर स्वतंत्रपणे वावरणाऱ्या स्त्रीचे जे चित्र आज सहज वाटते, त्याच्या घडणीत या चिमुकल्या गाडीचा वाटा मोठा आहे आणि त्याची नोंद फारशी कोणी घेतलेली नाही.

१९८० च्या दशकात दूरदर्शनवर आलेल्या ‘चल मेरी लूना’ या जाहिरातीचे यश याच आतल्या पदराला हात घातल्यामुळे असावे. पीयूष पांडे यांच्या नावावर असलेल्या या तीन शब्दांत वेगाची बढाई नाही, श्रीमंतीचा तोरा नाही. आपल्या घोड्याला किंवा बैलाला माणूस ज्या मायेने हाकारतो, ती माया त्यांत आहे. समाज देत नव्हता ते ममत्व जाहिरातीने स्वाराला मिळवून दिले. अर्थात जाहिरात माल विकू शकते, सामाजिक उतरंड मोडू शकत नाही. लोकांनी ते शब्द आनंदाने म्हटले. लूनावाल्याला पाहून थट्टेनेही म्हटले!

अंतराची किंमत

१९८० च्या दशकाच्या मध्यास दुचाकींच्या बाजाराचे दरवाजे किलकिले झाले. १९८४ मध्ये बिनगिअरची कायनेटिक होंडा आली, १९८५ मध्ये १०० घनसेंटिमीटरची हीरो होंडा आली. कमी पेट्रोलवर दूर जाणाऱ्या चार-स्ट्रोक मोटारसायकलीने काटकसर ही मोपेडची मिरासदारी उरू दिली नाही. १९९१ नंतर हप्त्यांवर वाहने मिळणे सुलभ झाले; प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तशी दोन-स्ट्रोक इंजिनांची अडचण झाली. विसावे शतक संपता संपता लूनाचे उत्पादन थांबले. २०२३-२४ या वर्षात देशात सुमारे १ कोटी ८० लाख दुचाकी विकल्या गेल्या, त्यांत मोपेडींची संख्या पाच लाखांच्या आत होती. टीव्हीएसची एक्सएल-१०० ही मोपेड आजही विकली जाते. परंतु तिला पेडल नाही, किक आहे.

या घसरणीस तांत्रिक कारणे होती, हे मान्यच केले पाहिजे. तथापि सारे तंत्रज्ञानावर लोटून चालणार नाही. जेम्स ड्युसेनबेरी या अर्थशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये दाखवून दिले की, कुटुंबाचा खर्च त्याच्या उत्पन्नावरच ठरत नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राहणीवरही ठरतो. कचेरीला जाऊन येण्याचे आठ-दहा किलोमीटर अंतर ज्याला हलक्या वाहनावर सुखाने काटता आले असते, त्याने १५० घनसेंटिमीटरची मोटारसायकल हप्त्यांवर घ्यावी आणि पगाराचा मोठा भाग तिच्या हप्त्यांत व पेट्रोलमध्ये घालावा, याचे कारण रस्त्याच्या लांबीत सापडत नाही. ते शेजाऱ्याच्या दारात सापडते.

याहून गंभीर किंमत वेगळीच आहे. ज्यांना आपली ओळख तात्पुरती वाटते, ते त्या ओळखीच्या नावाने कधी एकत्र येत नाहीत. रिक्षाचालकांच्या संघटना झाल्या, मालमोटारींच्या मालकांच्या झाल्या. मोपेडस्वारांचा आवाज असा कोणी ऐकला नाही. उद्या स्कूटरवाला होऊ पाहणारा माणूस आज मोपेडवाल्यासाठी रस्त्याची कड मागण्यास पुढे येत नसतो. सायकलवाल्याला जी कड हवी होती, ती मोपेडवाल्यालाही हवी होती. मागणारे गप्प राहिले आणि रस्ते मोठ्या व वेगवान वाहनांच्या सोयीने रुंदावत गेले.

नवा स्वार, जुनी पायरी

हा सारा भूतकाळ उगाळण्याचे कारण असे की, अर्ध्या पायरीवरचा तो माणूस नव्या रूपात पुन्हा रस्त्यावर आला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये लूना विजेवर चालणारी होऊन परतली. त्याच्याही आधीपासून मंद गतीच्या विजेच्या दुचाकी शहरांत दिसू लागल्या होत्या. घरोघरी जेवणाचे डबे आणि किराणा पोहोचविणारी असंख्य मुले आज त्यांवरून धावत आहेत. पूर्वीच्या दूधवाल्याप्रमाणेच या मुलांचे वाहन म्हणजे त्यांच्या भाकरीचे साधन आहे.

या वाहनांचे कायद्यातील स्थान पाहण्यासारखे आहे. २५० वॅटपर्यंत शक्ती आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेग या मर्यादेतील हलकी विजेची दुचाकी, नियमांतील अटी पूर्ण करीत असेल तर, ‘मोटार वाहन’ गणली जात नाही. तिला चालकाचा परवाना लागत नाही, नोंदणीची पाटी लागत नाही. गरीब स्वाराला ही सवलत उपकारक आहे, यात शंका नाही. पण या सवलतीची दुसरी बाजू अशी की, मोटार वाहनांना सक्तीचा असलेला तृतीय पक्षाचा विमाही तिला लागू होत नाही. तिच्या धक्क्याने एखादा वृद्ध पादचारी पडला, तर भरपाई देणारी कोणतीही विमा कंपनी मागे उभी नसते. असते ती त्या मुलाची महिन्याची कमाई. कायद्याच्या लेखी जे वाहनच नाही, त्याच्या स्वाराला वाहनस्वाराचे कर्तव्य कोण शिकविणार आणि त्याचे हक्क कोण राखणार?

लोकमानसातील त्याची प्रतिमाही फारशी वेगळी नाही. उलट दिशेने येणारा, पदपथावर चढणारा, सोसायटीच्या फाटकाशी अडविला जाणारा उपद्रवी मुलगा, असे त्याचे वर्णन सुशिक्षित घरांतून ऐकू येते. त्याच घरांत तो डबा मात्र वेळेवर पोहोचावा लागतो. तो नियम मोडत असेल तर त्यास दंड व्हावा, हे निर्विवाद आहे. परंतु त्याची घाई त्याच्या स्वभावातून आलेली नाही, फेरीमागे पैसे देणाऱ्या व्यवस्थेतून आलेली आहे, हेही तितकेच निर्विवाद आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांची व्याख्या प्रथमच करण्यात आली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. कायद्याने त्याला कामगार म्हणून नाव दिले. रस्त्याने त्याला वाहनस्वार म्हणून नाव देणे अद्याप बाकी आहे. आणि हा मुलगा स्वतःविषयी काय म्हणतो? तोही म्हणतो, ‘सध्या हे करतो आहे, पुढे पाहू.’ त्याच्या वडिलांच्या पिढीतील लूनावाल्याचेच हे शब्द.

म्हणून या ‘सध्या’ला गांभीर्याने घेतले पाहिजे. हलक्या व मंद वाहनांसाठी रस्त्याची सुरक्षित कड राखणे, त्यांना उभे करण्यास जागा देणे, विनापरवाना वाहनांच्या स्वारांसाठी अल्प हप्त्याच्या विम्याची सोय करणे आणि त्याचा भार त्यांना कामावर घेणाऱ्या कंपन्यांनी उचलणे, या मागण्या काही अवाजवी नाहीत. नगरपालिका, परिवहन खाते आणि विमा कंपन्या यांनी मनात आणले तर त्या अशक्यही नाहीत. शासनाने करावयाचे ते शासनाने करावे. परंतु शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी या वर्गाला स्वतःपुरतेही काही करता येण्याजोगे आहे. ज्यांच्या घरात एके काळी लूना होती, तिच्यावर बसून ज्यांचे वडील शिकवण्यांना गेले आणि आई दवाखान्यात कामावर गेली, त्यांनी ती गोष्ट विनोद म्हणून सांगण्याऐवजी सरळ सांगावी. फाटकाशी उभ्या असलेल्या मुलाला आत येऊ द्यावे की नाही, याचा निर्णय त्यानंतर बहुधा वेगळा होईल.